रणधुमाळीत विचारलेला प्रश्न

युद्धाला तोंड लागले म्हणजे कायदेमंडळाचे काम संपले आणि सेनापतींचे सुरू झाले, असा एक समज लोकशाही राष्ट्रांतही मोठ्या निष्ठेने बाळगला जातो. शत्रू दाराशी उभा असताना सरकारला जाब विचारणे म्हणजे आपल्याच सैनिकांचे मनोधैर्य खचवणे होय, जे काही विचारायचे असेल ते विजयानंतर सवडीने विचारावे, आणि तोपर्यंत लोकप्रतिनिधींनी खर्चाच्या मागण्या एकमताने मंजूर करून स्वस्थ बसावे, अशी ही विचारसरणी आहे. तिच्या मुळाशी असलेल्या देशप्रेमाविषयी मला शंका नाही. परंतु जो निर्णय आज घेतला जात आहे, ज्याचे परिणाम आज रात्री हजारो कुटुंबांना भोगायचे आहेत आणि जो उद्या सकाळी बदलता येणे शक्य आहे, त्याविषयीचा प्रश्न पाच वर्षांनी विचारला तर त्याचे उत्तर अभ्यासकांच्या उपयोगी पडेल, ज्यांच्यासाठी तो विचारायचा होता त्यांच्या नव्हे. म्हणूनच युद्धकाळात कायदेमंडळाने काय करावे याचा विचार करताना ब्रिटनच्या उमराव सभेतील एका दिवसाच्या कामकाजाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, आणि त्या दिवसाने घालून दिलेला धडा आपल्या वरिष्ठ सभागृहांनीही गिरवावा असे मला अंतःकरणापासून वाटते.

तो दिवस बुधवार, ९ फेब्रुवारी १९४४ चा. महायुद्धाचे पाचवे वर्ष चालू होते, फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची तयारी चालली होती, आणि ब्रिटिश विमानदलाचे ताफे रात्रीमागून रात्री बर्लिनवर जात होते. उमराव सभा त्या वेळी स्वतःच्या सभागृहात भरत नव्हती. १० मे १९४१ च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात कॉमन्स सभेचे दालन जळून खाक झाल्यावर उमरावांनी आपले दालन कनिष्ठ सभागृहाच्या स्वाधीन केले, आणि अधिवेशनाच्या उद्घाटनापूर्वी राजाने राजवस्त्रे परिधान करावीत म्हणून वेस्टमिन्स्टरच्या वाड्यात जी खोली बांधली आहे, तीत ते स्वतः बैठका भरवू लागले. या खोलीच्या भिंतींवर विल्यम डाइस या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकात आर्थर राजाच्या आख्यायिका रंगवल्या असून प्रत्येक चित्र एकेका सद्गुणाला वाहिलेले आहे. करुणेला वाहिलेल्या चित्रात गवेन नावाचा सरदार दयेने वागण्याची व स्त्रियांच्या विरुद्ध कधीही उभा न राहण्याची शपथ घेतो. शत्रूच्या बाँबांनी ज्यांना या खोलीत आणून बसवले होते, त्यांनाच त्या दिवशी आपल्या बाँबांविषयीचा प्रश्न ऐकावा लागला.

प्रश्न विचारणारे होते चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल. इंग्लंडच्या धर्मपीठाचे सव्वीस धर्माध्यक्ष पदसिद्ध अधिकाराने उमराव सभेत बसतात, त्यांपैकी हे एक. त्यांना शत्रूचा पक्षपाती म्हणण्याची सोय कोणालाही नव्हती. हिटलरच्या राजवटीचे खरे स्वरूप इंग्लंडातील मुत्सद्द्यांना उमगण्यापूर्वीच त्यांनी ते ओळखले होते. जर्मनीतून परागंदा झालेल्या निर्वासितांसाठी ते अखंड खटपट करीत आले होते. हिटलरविरोधी कटात सामील असलेले डीट्रिख बॉनहोफर हे धर्मोपदेशक त्यांचे स्नेही होते, आणि १९४२ मध्ये स्वीडनमध्ये त्यांची भेट घेऊन कटवाल्यांची नावे व निरोप बेल यांनी परराष्ट्रमंत्री ईडन यांच्यापर्यंत पोचवला होता, ज्याची दखल घेणे ब्रिटिश सरकारला इष्ट वाटले नाही. युद्धाचे दुःख त्यांना केवळ ऐकून माहीत नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांचे दोन भाऊ कामास आले होते, आणि १९४२ मध्ये त्यांच्याच धर्मप्रांतातील पेटवर्थ येथे मुलांच्या शाळेवर जर्मन बाँब पडून अनेक विद्यार्थी प्राणास मुकले होते. ते अहिंसावादी नव्हते. हिटलरविरुद्धचे युद्ध न्याय्य आहे, ते लढलेच पाहिजे आणि जिंकलेच पाहिजे, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. आपल्याकडील वाचकांसाठी एवढे सांगितले पाहिजे की, १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेल्या गांधीजींचा पाहुणचार चिचेस्टर येथे याच बेल यांनी केला होता.

त्यांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९३८ मध्ये पंतप्रधान चेंबरलेन यांनी पार्लमेंटात स्पष्टपणे सांगितले होते की, नागरी वस्तीवर बुद्ध्या केलेला हल्ला आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध आहे, लक्ष्य लष्करी व ओळखता येण्याजोगे असले पाहिजे, आणि त्यावर मारा करताना शेजारच्या वस्तीला इजा होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेतली पाहिजे. युद्ध सुरू झाले, वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री ही शहरे जर्मनांनी उद्ध्वस्त केली, आणि ब्रिटिश विमानांना दिवसा जर्मनीवर जाणे परवडेना. रात्रीच्या अंधारात कारखाना हेरून त्यावर अचूक बाँब टाकणे साधत नाही, हे १९४१ च्या ऑगस्टमध्ये छायाचित्रांच्या तपासणीवरून सिद्ध झाले: लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी सुमारे एकतृतीयांशच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. तेव्हा १४ फेब्रुवारी १९४२ रोजी विमानदलाला नवा हुकूम गेला, त्यात शत्रूच्या नागरी प्रजेचे, विशेषतः कारखान्यांतील कामगारांचे, मनोधैर्य हेच मुख्य लक्ष्य ठरवण्यात आले. पुढच्या वर्षीच्या जुलैत हँबुर्गवर लागोपाठ रात्री हल्ले झाले. एका रात्री पेटलेल्या आगींचा मिळून एकच वणवा झाला, आणि तीस हजारांहून अधिक माणसे त्या आठवड्यात मरण पावली.

हे सारे चालू असताना सरकार आपल्या जनतेला मात्र निराळेच सांगत होते. रिचर्ड स्टोक्स यांच्यासारख्या एखाददुसऱ्या सभासदाने कॉमन्समध्ये विचारले की विमानखात्याचे मंत्री सिंक्लेअर उत्तर देत, की धोरण बदललेले नाही आणि मारा लष्करी महत्त्वाच्या लक्ष्यांवरच होतो. विशेष असे की, बाँबफेकी दलाचे प्रमुख सर आर्थर हॅरिस यांनाच हा आडपडदा नापसंत होता. जर्मन शहरांचा व तेथील कामगार वस्तीचा विध्वंस हाच आपला हेतू आहे, असे सरकारने उघड जाहीर करावे, अशी मागणी त्यांनी १९४३ च्या शरदात लेखी केली आणि खात्याने ती मान्य केली नाही. धोरण राबवणारा अधिकारी ते लपवू इच्छीत नव्हता. ते ज्यांच्या नावाने राबवले जात होते त्या नागरिकांपासून ते लपवण्याची गरज मंत्र्यांना वाटत होती. कायदेमंडळाने जेथे प्रश्न विचारायचा असतो ती जागा नेमकी हीच.

बेल यांनी तो विचारला. सरकारचे शत्रूच्या शहरांवरील बाँबहल्ल्यांविषयीचे धोरण काय आहे आणि नागरी जीवनावर त्याचा काय परिणाम होतो याचे निवेदन करावे, अशी त्यांच्या सूचनेची भाषा होती. भाषणाच्या आरंभीच त्यांनी जर्मन विमानदलाने बेलग्रेड, वॉर्सा, रॉटरडॅम, लंडन, कॉव्हेंट्री येथे केलेल्या कृत्यांचा उल्लेख केला, ब्रिटिश वैमानिकांच्या शौर्याला आदरांजली वाहिली, आणि कारखाने, दळणवळण, लष्करी तळ यांवर मारा करताना जवळपासचे नागरिक मरणे अपरिहार्य आहे हेही मान्य केले. त्यानंतर आपल्या युक्तिवादाचा कणा त्यांनी पुढे ठेवला: योजलेले साधन आणि साधलेला हेतू यांत काही प्रमाण असलेच पाहिजे, आणि शहराच्या काही भागात लष्करी वा औद्योगिक ठाणी आहेत एवढ्यावरून संबंध शहर बेचिराख करणे म्हणजे ते प्रमाणच झुगारून देणे होय. हँबुर्गमध्ये लष्करी महत्त्वाची ठिकाणे निःसंशय होती, पण हिटलरविरोधी लोकशाही विचारांचे ते मोठे केंद्रही होते, हे त्यांनी सभेच्या ध्यानात आणून दिले. घरेदारे, रुग्णालये, चर्च आणि तेथील ग्रंथालयातील लक्षावधी ग्रंथ यांची राख झाली, आणि आता तोच क्रम बर्लिनमध्ये मोहल्ल्यामागून मोहल्ला घेऊन चालला आहे, असे सांगून त्यांनी विचारले की, नागरिक, स्मारके, कारखाने आणि छावण्या या सर्वांचे मिळून जेथे एकच लक्ष्य बनते तेथे तारतम्य उरलेच कोठे? दोस्त राष्ट्रांच्या ध्वजावर सत्तेहून मोठे असे कायद्याचे नाव लिहिलेले आहे, आणि युरोपाला मुक्त करू निघालेल्यांनी आपले सामर्थ्य त्या कायद्याच्या ताब्यात ठेवले नाही तर ज्यासाठी आपण लढतो तेच आपल्या हातून निसटेल, हा त्यांच्या भाषणाचा समारोपाचा सूर होता.

सभेला हे भाषण रुचले नाही. ते होऊ नये असे बहुतेकांना वाटत होते, आणि तरीही ते कर्तव्यबुद्धीने केले जात आहे हेही सर्वांना ठाऊक होते. मंत्रिमंडळातील लॉर्ड वूल्टन यांनी भाषणापूर्वी बेल यांना नेमके हेच दोन्ही सांगितले, अशी आठवण बेल यांच्या चरित्रात नमूद आहे. माजी आर्चबिशप लॉर्ड लँग यांनी मर्यादित का होईना, त्यांना साथ दिली. सरकारच्या वतीने उत्तर दिले ते सभागृहनेते लॉर्ड क्रॅनबोर्न यांनी. आपल्या विमानदलाने निव्वळ दहशतीसाठी हल्ले कधीच केले नाहीत, असे त्यांनी बजावले. परंतु पुढे त्यांना आणखी एक गोष्ट सांगावी लागली. जर्मनीचे प्रचंड युद्धोद्योग बंद पाडायचे तर ते ज्या शहरांत आहेत त्या शहरांचे संपूर्ण जीवनच ठप्प करणे आणि कामगारांना काम करणे अशक्य करून सोडणे याखेरीज दुसरा मार्ग नाही, असे त्यांनी सभेपुढे मांडले. बेल यांच्या सूचनेसारखा कागदपत्रे मागवण्याचा प्रस्ताव त्या सभेच्या रूढीप्रमाणे चर्चेअंती मागे घेतला जातो. मतमोजणी झाली नाही, ठराव झाला नाही, सभा पुढील कामाकडे वळली.

या दिवसाचे फलित काय, असा रोकडा सवाल कोणी केला तर त्याचे उत्तर प्रामाणिकपणेच दिले पाहिजे. बेल यांच्या भाषणाने एकही विमान माघारी फिरले नाही. वर्षभराने, १९४५ च्या फेब्रुवारीत, ड्रेस्डेन जळाले आणि सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. बेल यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. भाषणाच्याच वर्षी, १९४४ मध्ये, आर्चबिशप टेंपल निधन पावल्यावर कँटरबरीचे पीठ त्यांना मिळाले नाही, आणि या भाषणाची ती किंमत होती असे पुष्कळांचे मत आहे. तरीही मी हा दिवस निष्फळ मानीत नाही, कारण क्रॅनबोर्न यांचे ते वाक्य त्या दिवशी सरकारी वृत्तांतात कायमचे रुजू झाले. कनिष्ठ सभागृहात ज्या गोष्टीवर पांघरूण घातले जात होते, ती वरिष्ठ सभागृहात एका जबाबदार मंत्र्याने समर्थनासह उच्चारली. शहरांचे जीवन ठप्प करणे हेच साधन आहे हे आता ज्याला वाचायचे असेल त्याला वाचता येत होते, आणि त्याविषयी आपले मत बनवता येत होते. पुढे २८ मार्च १९४५ रोजी खुद्द चर्चिल यांनी सेनाप्रमुखांना लिहिलेल्या गोपनीय टिपणात असे विचारले की, निरनिराळ्या बहाण्यांखाली केवळ दहशत वाढवण्यासाठी जर्मन शहरांवर चाललेल्या हल्ल्यांचा आता फेरविचार करू नये काय? ते टिपणही सेनाप्रमुखांच्या नाराजीमुळे त्यांनी मागे घेऊन सौम्य शब्दांत पुन्हा लिहिले. पंतप्रधानांना युद्ध संपत आल्यावर बंद दाराआड जी शंका सुचली, ती एका बिशपांनी तेरा महिने आधी भर सभेत बोलून दाखवली होती. आणि ती ऐकली जाणे शक्य असताना बोलली गेली, हे तिचे खरे मोल आहे.

बेल यांच्याविरुद्ध जे आक्षेप घेतले गेले त्यांतील सर्वांत वजनदार आक्षेप वैमानिकांच्या वतीने घेतला जातो. बाँबफेकी दलातील सुमारे सव्वा लाख तरुणांपैकी ५५,५७३ जण मारले गेले. रात्री मृत्यूच्या तोंडात जाणाऱ्या या मुलांच्या कामाची सकाळी सभेत चिकित्सा करणे हा त्यांचा अवमान नव्हे काय? माझ्या मते खरी गोष्ट याच्या उलट आहे. सैनिक हुकूम पाळतो, आणि आपला हुकूम न्याय्य आहे की नाही याचा निवाडा करण्याचे स्वातंत्र्य शिस्तीपोटी दुसऱ्यावर सोपवतो. ज्यांच्यावर त्याने ते सोपवले, त्यांनी जर तो निवाडाच केला नाही तर त्याच्या बलिदानाशी सर्वांत मोठी प्रतारणा त्यांनीच केली असे म्हटले पाहिजे. बेल यांनी वैमानिकांना एका शब्दानेही दोष दिला नाही; त्यांचा सवाल हुकूम काढणाऱ्यांना होता.

दुसरा आक्षेप आपल्या बाजूने घ्यावा लागतो, आणि तो मला अधिक बोचतो. शहरांवर आणि खेड्यांवर आकाशातून मारा करून प्रजेला नमवण्याची ही विद्या ब्रिटिश विमानदलाने १९४२ मध्ये एकाएकी शोधून काढलेली नव्हती. १९२० नंतरच्या दशकात हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर आणि इराकमध्ये टोळ्यांची गावे विमानांतून बाँब टाकून वठणीवर आणण्याचा परिपाठ पडला होता. हॅरिस यांनी स्वतः या दोन्ही मुलखांत विमानपथकांची धुरा वाहिली होती. आणि १९३२-३३ च्या जिनिव्हा येथील निःशस्त्रीकरण परिषदेत हवाई बाँबफेकीवर बंदी घालण्याची गोष्ट निघाली तेव्हा दूरच्या मुलखांतील पोलिसी बंदोबस्तासाठी सवलत असावी, असा आग्रह ब्रिटनने धरला होता. पठाणांच्या वस्त्यांवर बाँब पडत असताना जी सभा स्वस्थ राहिली, तिला हँबुर्गच्या वेळी सत्य ऐकवणे इतके अवघड का जावे, हे यावरून उमजते. दूरच्या आणि दुबळ्या लोकांविषयीचा प्रश्न न विचारण्याची सवय सभागृहाला एकदा जडली की पुढे जवळच्यांविषयीचा प्रश्नही त्याच्या घशात अडकतो.

आता आपल्या घराकडे पाहू. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले तेव्हा राज्यसभेचे एक तरुण विरोधी सदस्य अटलबिहारी वाजपेयी यांनी संसदेचे अधिवेशन ताबडतोब बोलावण्याची मागणी केली. पंडित नेहरूंनी ती मानली, ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झाले, आणि कामकाज गुप्तपणे चालवावे अशी सूचना आली असता ती त्यांनी नाकारली. सरहद्दीवर लढाई चालू असताना, सरकारच्या धोरणाची कठोर चिकित्सा दोन्ही सभागृहांत उघडपणे झाली आणि राष्ट्र त्याने दुबळे झाले नाही. कृष्ण मेनन यांना संरक्षण खाते सोडावे लागले, आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून ते सांभाळण्यासाठी दिल्लीस गेले. या युद्धाची लष्करी चौकशीही पुढे झाली. यशवंतरावांनी सप्टेंबर १९६३ मध्ये तिचा गोषवारा संसदेपुढे ठेवला. परंतु हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या अधिकाऱ्यांनी लिहिलेला मूळ अहवाल सरकारी दप्तरात गोपनीय म्हणून बंद झाला तो सरकारने आजतागायत अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. जे लढाईच्या ऐन धामधुमीत सभागृहात बोलले गेले ते कोणत्याही नागरिकाला आज वाचता येते, आणि जे लढाईनंतर सवडीने तपासले गेले ते कुलपात आहे. ‘विजयानंतर विचारा’ असे सांगणाऱ्यांनी या अनुभवाचा शांतपणे विचार करावा.

वरिष्ठ सभागृहावर ही जबाबदारी अधिक आहे असे मी म्हणतो, त्याला कारण आहे. ब्रिटनच्या बिशपांप्रमाणे पदसिद्ध आसने आपल्या घटनेने कोणाला दिली नाहीत, आणि तेच योग्य झाले. पण राज्यसभेचे सभागृह विसर्जित होत नाही, तिच्या सदस्याची मुदत सहा वर्षांची असते, आणि पुढच्या महिन्यातील सभेत टाळ्या मिळतात की नाही यावर त्याचे आसन अवलंबून नसते. ही सवलत आरामासाठी दिलेली नाही. ज्या घटकेला लोकक्षोभाच्या लाटेपुढे कनिष्ठ सभागृहाला बोलणे कठीण होते, त्या घटकेला संयमाने, माहितीनिशी आणि राष्ट्रनिष्ठेविषयी तिळमात्र शंका येऊ न देता बोलता यावे, यासाठी ती आहे. लष्करी हालचालींची गुपिते सभागृहात फोडावीत असे कोणीही म्हणणार नाही. बेल यांनीही कोणती विमाने केव्हा जाणार हे विचारले नव्हते. त्यांनी विचारले ते धोरण आणि त्याचा आधार, आणि या दोन गोष्टी कोणत्याही लोकशाहीत गुपित असू शकत नाहीत.

साधन आणि हेतू यांतील प्रमाणाचे जे तत्त्व १९४४ मध्ये एकट्या माणसाचे मत म्हणून ऐकले गेले, ते १९७७ मध्ये जिनिव्हा करारांच्या पहिल्या पुरवणी करारात आंतरराष्ट्रीय कायद्याचे कलम झाले. वेगवेगळ्या लष्करी लक्ष्यांचे मिळून शहर हे एकच लक्ष्य मानून त्यावर मारा करणे त्या कलमाने निषिद्ध ठरवले. भारताने १९४९ चे मूळ करार स्वीकारले आहेत, ही पुरवणी मात्र अद्याप स्वीकारलेली नाही. ती स्वीकारावी की न स्वीकारावी, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि सरकारच्या नकाराला सबळ कारणे असतील तर तीही देशाला कळली पाहिजेत. राज्यसभेने एक संपूर्ण दिवस या एकाच विषयासाठी राखून ठेवावा, सरकारकडून सविस्तर निवेदन मागावे, आणि ते वृत्तांतात नोंदवून घ्यावे, अशी माझी सूचना आहे. युद्धातील मर्यादांचा विचार शांततेच्या काळात ज्या सभागृहाने केलेला नसतो, त्याला तोफा सुरू झाल्यावर तो करण्याचे धैर्य क्वचितच होते. आणि ते धैर्य आपल्या प्रतिनिधींना असावे, ही अपेक्षा बाळगण्याचा व ती निवडणुकीच्या वेळी बोलून दाखवण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.